बिजागरी तुटली, आणि दोष माझ्या हाताचा निघाला

लॅपटॉपच्या सर्व्हिस सेंटरला दोन स्टार देतोय. त्यातला एक काउंटरवरच्या मुलीला, कारण दीड तास बसवून ठेवल्यावर पाणी हवंय का हे विचारणारी तिथे ती एकटीच होती.

मी नाशिकरोडला विम्याचं काम करतो. २०२४ च्या दसऱ्याला ५८,९९० रुपयांना लॅपटॉप घेतला, वर्षाची वॉरंटी. झाकण उघडायचं, प्रीमियमचे आकडे काढायचे, बंद करायचं, यापलीकडे त्याचे कसलेही हाल केलेले नाहीत. यंदा जुलैत एका सकाळी उघडताना डाव्या कोपऱ्यातून कट्‌ असा आवाज आला. पडद्याची चौकट मागच्या कव्हरपासून फाकली आणि कव्हरला बिजागरीपाशी केसासारखा तडा गेला. बाकी अंगावर ओरखडा नाही.

कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नेला. मुलीने तो हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि जॉबशीटवर लिहून टाकलं, ‘फिजिकल डॅमेज’. तोवर एक स्क्रूही कोणी काढला नव्हता.

‘काका, हे वॉरंटीत नाही येत. कव्हर आणि हिंज मिळून ११,७५० अधिक जीएसटी.’ म्हणजे १३,८६५. नाही केलं तरी तपासणीचे ५९० द्यायचेच.

‘पण डॅमेज झालं कशानं?’

‘पडला असेल.’

‘पडला तर कोपरा चेपायला नको?’

‘मग जोरात उघडला असेल.’

आता ही भाषा मला अनोळखी नाही. पॉलिसीत काय काय बसत नाही हे लोकांना समजावण्यातच माझी वीस वर्षं गेली. पण आमच्याकडे क्लेम नाकारताना ‘हे अपवादात मोडतं’ हे विमा कंपनीला दाखवून द्यावं लागतं, नुसतं ‘असेल’ म्हणून भागत नाही. इथे मात्र तडा दिसला की संपलं. तडा बिजागरीमुळे गेला की माझ्यामुळे, हा प्रश्नच त्यांच्या फॉर्मवर नाही.

५९० भरून लॅपटॉप परत आणला. निघताना नाकारण्याचं कारण लेखी मागितलं, तेव्हा वरचे साहेब बाहेर आले. ‘सिस्टीममधून तसं निघत नाही,’ म्हणाले. मी जॉबशीटचा फोटो काढला आणि त्यांच्यासमोरच चारही कोपऱ्यांचे फोटो काढले. खरं तर हे आत शिरण्याआधी करायला हवं होतं.

आमच्या गल्लीत एक दुरुस्तीवाला आहे. माझ्या मशीनला त्याने हात लावला नाही (‘वॉरंटी जाईल, मग मला शिव्या द्याल’), पण तसलाच एक जुना उघडून दाखवला. बिजागरी लोखंडी, पण तिचे स्क्रू बसतात प्लॅस्टिकमध्ये दाबून बसवलेल्या इवल्याशा पितळी नटांत. बिजागरी घट्ट असेल तर दर उघडझापीला सगळा ताण त्या प्लॅस्टिकवर येतो. एक दिवस नट प्लॅस्टिकसकट उपटून येतो आणि कव्हर आतून बाहेर फाटतं. ‘पडलेल्याचा मार बाहेरून आत असतो काका,’ असं म्हणून त्याने चहा मागवला. निदान तर त्यानेच केलं, आणि पैसे काही घेतले नाहीत. पाच स्टार त्याला द्यायचे होते, पण त्याचं पान नाही.

मग कंपनीला मेल केला. उत्तरात वॉरंटीच्या अटींचा तोच परिच्छेद, दोनदा. तिसऱ्या दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली, फोटो जोडले. हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नव्हे, ती निकाल देत नाही, तक्रार कंपनीपुढे ठेवते. पण ‘न जमल्यास जिल्हा ग्राहक आयोगात जाईन’ असंही मी लिहिलं होतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, हे त्यांच्या लीगलवाल्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार.

अकराव्या दिवशी फोन आला. आवाज एकदम मधाळ. ‘सर, वन टाइम एक्सेप्शन म्हणून करून देतोय.’ काउंटरवरचा काका फोनवर सर झाला. चूक मात्र कबूल नाही. नव्या जॉबशीटवर कारण लिहिलंय ‘गुडविल’.

त्यानंतर मशीन नऊ दिवस तिथे. त्या काळात मुलाच्या मोबाइलवर कोटेशनं काढली, एकाला तर हप्त्यात शून्य कमी सांगून बसलो. परत आला तेव्हा कव्हर नवं, डावी बिजागरी नवी, तळाचे दोन स्क्रू गायब. ते बसवायला पुन्हा चक्कर. ५९० अजून आलेले नाहीत, ‘प्रोसेसमध्ये’ आहेत.

उजवी बिजागरी बदललेली नाही. ती आता डावीपेक्षा घट्ट लागते. वॉरंटीचे दोन महिने उरलेत, म्हणून रोज सकाळी देव्हाऱ्याचं दार उघडावं तसं झाकण दोन्ही हातांनी, मधोमध धरून उघडतो. बायको हसते.