सोलरच्या नोकरीची हमी आणि अठरा हप्ते

सोलर टेक्निशियनचा कोर्स, नोकरीची लेखी हमी, फी हप्त्याने. धुळे, नंदुरबार, नाशिककडच्या आयटीआयवाल्या पोरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ही जाहिरात फिरत असते. नाव दर वेळी नवं, मजकूर तोच. मी तो कोर्स पूर्ण केलाय. नोकरी मिळाली नाही, शिक्षण मिळालं नाही, आणि फीसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता आजही दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून कापला जातो. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार ग्राहक आयोगात आहे. तसाही नावाचा उपयोग नाही. ही मंडळी बोर्ड बदलून पुढच्या चौकात बसतात. त्यांची पद्धत मात्र बदलत नाही, म्हणून ती सविस्तर लिहितो.

मी साक्री तालुक्यातला. इलेक्ट्रिशियन ट्रेड केलेला. आमच्या तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या आहेत आणि शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे, २०१३ मध्ये सुरू झालेला. त्यामुळे सोलर म्हणजे काय हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. पण कुठेही कामाला गेलं की पहिला प्रश्न येतो, ‘सोलरचं ट्रेनिंग झालंय का?’ आयटीआयच्या कागदावर ते दिसत नाही. नेमकी ही नड हेरून नाशिकातली ती संस्था बसलेली होती.

तिथल्या मॅडमने पहिल्या भेटीत जे जे सांगितलं ते जवळजवळ सगळं खरं होतं, आणि फसवणुकीचं मूळ तिथेच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली, एक कोटी घरांवर पॅनल बसवायचे आहेत, तीन किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान मिळतं. खरं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीतून शेतीला दिवसा वीज द्यायची म्हणून गावोगाव प्रकल्प उभे राहताहेत. खरं. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ आहे. तेही खरं. एवढं काम करायला माणसं लागणार, हेही खरंच. मॅडमनी पेपरातली कात्रणं लॅमिनेट करून ठेवली होती. खोटी होती ती एकच गोष्ट: या सगळ्याशी त्या संस्थेचा काही संबंध असल्याचा आभास. ‘आमच्याकडून मुलं डायरेक्ट सूर्यघरमध्ये घेतात’ असं वाक्य मधेच सरकवून त्या पुढच्या कात्रणाकडे वळायच्या.

सूर्यघर योजना कुणालाही नोकरीवर ‘घेत’ नाही. ग्राहक पोर्टलवर अर्ज करतो, नोंदणीकृत व्हेंडर पॅनल बसवतो, अनुदान ग्राहकाच्या खात्यात येतं. माणसं लागतात ती त्या व्हेंडरला. तीन किलोवॉट म्हणजे ५४० वॉटचे सहा पॅनल. तीन-चार जणांची टोळी दीड-दोन दिवसांत ते उरकते आणि पुढच्या गच्चीवर जाते. व्हेंडर बहुतेक वेळा रोजाने नाहीतर किलोवॉटच्या भावाने पैसे देतो. काम भरपूर आहे, पण एक कोटी घरं म्हणजे एक कोटी नोकऱ्या नव्हेत. हा हिशेब त्या कात्रणांत कुठेच नव्हता.

फी ४८ हजार. तीन हजार जागेवर, बाकीचे ४५ हजार ‘बिनव्याजी हप्त्यात’, २५०० चे १८. मॅडमनी आधार, पॅन, बँकेचं पासबुक मागितलं, माझा मोबाईल मागून घेतला, एक ॲप टाकलं, ओटीपी आले तसे वाचून दाखवायला सांगितले, आणि दहा मिनिटांत ‘ॲडमिशन झालं दादा, अभिनंदन’ म्हणत पेढा दिला. प्रत्यक्षात ॲडमिशन नव्हे, कर्ज झालं होतं. एका वित्त कंपनीने ४५ हजार संस्थेच्या खात्यात भरले आणि कर्जदार म्हणून नाव माझं लागलं. खात्यातून आपोआप पैसे कापायची मंजुरीही त्याच ओटीपींमध्ये गेली. संस्थेला सगळी फी पहिल्याच आठवड्यात मिळालेली असते, हे ध्यानात ठेवा. त्यानंतर तुम्हाला शिकवण्यात तिला कसलाही फायदा उरत नाही.

वर्ग मोबाईलच्या दुकानाच्या वर. एका टेबलावर पॅनल आडवा ठेवलेला, भिंतीवर इन्व्हर्टर. तो इन्व्हर्टर नुसतं झाकण होतं, आत पोकळ. एके दिवशी सरांनी पॅनलचं व्होल्टेज मोजून दाखवायचं ठरवलं. मल्टिमीटरचा नॉब एसीवर, म्हणजे घरातल्या दिशा बदलत वाहणाऱ्या विजेवर. मीटरच्या पिना लावल्या, आकडा शून्याच्या आसपास घुटमळतोय. सर म्हणाले, ‘आज ऊन कमी आहे.’ पॅनल खोलीत, ट्यूबलाइटखाली, आणि मीटर एसीवर! पॅनल डीसी, म्हणजे बॅटरीसारखी एकाच दिशेची वीज देतो, हे आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. मागच्या बाकावरचा एक जण हसला तर त्याला बाहेर काढलं. उरलेला वेळ पडद्यावर स्लाइड वाचण्यात जायचा. पॅनलच्या वायरी जोडणारा एमसी-फोर कनेक्टर कसा क्रिंप करायचा (वायरीवर दाबून बसवायचा), डीसी आणि एसीचं अर्थिंग वेगळं का घ्यायचं, आभाळातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या लायटनिंग अरेस्टरचा खड्डा वेगळा का, चालू लोडवर कनेक्टर ओढला तर ठिणगी न तुटता का पेटत राहते, यातलं काहीही झालं नाही. दहा पॅनल ओळीने जोडले की ४००-५०० व्होल्ट डीसी होतो. तो हाताळायचा तर हे आधी यायला हवं, नाहीतर माणूस जिवानिशी जाईल.

मग ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ निघालं. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या छपरावर आम्हाला नेऊन पॅनल धुवायला लावले. फक्त धुवायला. छप्पर सिमेंटच्या पत्र्याचं. असल्या पत्र्यावर नटबोल्टच्या रेषेवरूनच पाय टाकायचा असतो, कारण खाली आधार तिथेच असतो. मधल्या पत्र्यावर वजन दिलं तर माणूस थेट खाली, मशिनवर. हे आम्हाला कारखान्याच्या वॉचमनने सांगितलं, सरांनी नाही. सेफ्टी बेल्ट दोन, माणसं त्याच्या कितीतरी पट. पुढे त्याच वॉचमनकडून कळलं की पॅनल सफाईचं कंत्राट संस्थेच्याच माणसाने घेतलेलं. म्हणजे फीही आमच्याकडून आणि मजुरीही आमचीच.

प्रमाणपत्र मात्र देखणं. वरती तिरंगी पट्टी, कोपऱ्यात सोनेरी शिक्का, ‘भारत सरकार नोंदणीकृत’, आयएसओ ९००१, खाली क्यूआर कोड. यातली एकेक गोष्ट उलगडून सांगतो, कारण पोरं इथेच भाळतात. ‘भारत सरकार नोंदणीकृत’च्या खाली जो क्रमांक होता तो उद्यम नोंदणीचा. ती कुठल्याही लहान धंद्याला ऑनलाइन, फुकट, स्वतःच माहिती भरून मिळते. वडापावची गाडीही ती काढू शकते. प्रशिक्षणाच्या दर्जाशी तिचा काडीचा संबंध नाही. आयएसओ ९००१ कामकाजाच्या पद्धतीचं असतं, अभ्यासक्रमाच्या मान्यतेचं नाही. आणि क्यूआर कोड स्कॅन केला की माझा फोटो आणि नाव असलेलं पान उघडायचं, पण ते पान संस्थेच्याच वेबसाइटवर. म्हणजे चोराला विचारायचं की तू साव आहेस ना.

खरं प्रमाणपत्र कुठून येतं ते मला नंतर धुळ्याच्या एका ठेकेदाराने समजावलं. या क्षेत्रासाठी स्किल कौन्सिल फॉर ग्रीन जॉब्स नावाची परिषद २०१५ पासून आहे. सोलर बसवणाऱ्याच्या कामाला ठरलेला अभ्यासक्रम आहे, त्याला एसजीजे/क्यू०१०१ असा क्रमांक आहे, आणि खरी केंद्रं तो क्रमांक छापतात. शिकवणारे वेगळे असतात, परीक्षा घेणारे वेगळे. प्रमाणपत्र स्किल इंडिया डिजिटल हब या सरकारी पोर्टलवर तुमच्या लॉगिनमध्ये दिसतं. आमच्याकडे ज्या सरांनी शिकवलं त्यांनीच पेपर काढला, त्यांनीच तपासला, आणि सगळ्यांना ‘ए ग्रेड’.

सगळ्यात डोक्यात जाणारी गोष्ट वेगळीच. सूर्यमित्र नावाचा कार्यक्रम केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने २०१५ मध्ये सुरू केला. तो राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेमार्फत चालतो: ६०० तासांचा, निवासी, सरकारी खर्चाने. आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन, वायरमन पोरांसाठीच आखलेला. आमच्या संस्थेने आपल्या कोर्सच्या नावात मुद्दाम ‘मित्र’ घातलं होतं. सरकार ज्याचा खर्च स्वतः करतं त्याच्याशी मिळतंजुळतं नाव लावून ४८ हजार घ्यायचे.

आता त्या ‘लेखी हमी’बद्दल. फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं की संस्था तीन मुलाखतींपर्यंत मदत करील, आणि उमेदवाराने एकही ऑफर नाकारली तर संस्थेची जबाबदारी संपेल. कोर्स संपल्यावर मला मेलवर पत्र आलं: राजस्थानात भडला सोलर पार्कमध्ये ट्रेनी टेक्निशियन, पगार २२ हजार, जेवण-राहणं कंपनीचं. भडला हे खरंच देशातल्या सर्वांत मोठ्या सोलर पार्कांपैकी एक, दोन हजार मेगावॉटच्या वरचं, त्यामुळे गूगलवर शोधलं की खातरी पटते. अट एवढीच की मेडिकल आणि सेफ्टी किटचे ६५०० आठ दिवसांत यूपीआयने भरा, परत मिळतील. मेल जीमेलवरून आलेला. पत्रावर ज्या कंपनीचं नाव होतं तिच्या वेबसाइटवरचा नंबर शोधून मी फोन लावला. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, ‘भाऊ, आम्ही कुणाकडूनच पैसे घेत नाही, आणि या नावाची जागाही नाही.’

तेव्हा त्या पत्राचा डाव उलगडला. पैसे भरले तर संस्थेला ६५०० वर मिळाले. नाही भरले तर ‘तुम्ही ऑफर नाकारली’, हमी संपली. मी कसंही वागलो तरी ते पत्र संस्थेच्याच सोयीचं. आमच्या बॅचमधल्या काहींनी भरले. एकाला तर पुढे महावितरणमध्ये विद्युत सहाय्यक म्हणून लावतो असंही सांगितलं. विद्युत सहाय्यकाची जाहिरात महावितरणच्या वेबसाइटवर येते, ऑनलाइन परीक्षा होते, निवड गुणांवर होते. मधला माणूस त्यात काहीही करू शकत नाही, कितीही गळ्यात ओळखपत्र अडकवून फिरला तरी.

थोड्या दिवसांनी वर्गाला कुलूप. मॅडमचा नंबर बंद. खालचा मोबाईलवाला म्हणाला, भाडंही थकवून गेले.

पोलीस ठाण्यात हवालदार साहेबांनी विचारलं, ‘काहीतरी शिकवलं ना? सर्टिफिकेट दिलं ना? मग ही फसवणूक कशी?’ त्यांचाही अगदी दोष नाही. सगळे कागद असेच बांधलेले असतात की प्रकरण दिवाणी वाटावं. पण बनावट ऑफर लेटर आणि त्यासाठी मागितलेले पैसे हा भाग वेगळा आहे, तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीत बसतो. ते पत्र, मेल आणि कंपनीने ‘हे आमचं नाही’ म्हणून दिलेलं उत्तर छापून नेल्यावर अर्ज घेतला गेला. ज्यांनी यूपीआयने पैसे भरले त्यांनी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा असतो, आणि तोही लगेच. आमच्या पोरांनी महिनाभर ‘परत देतील’ म्हणून वाट पाहिली, तोवर ते खातं रिकामं झालेलं.

वित्त कंपनीचं उत्तर सरळ: कर्ज तुमचं, क्लासचं भांडण तुम्ही बघा. एकाने हप्ता थांबवला तर वसुलीवाल्यांचे फोन त्याच्या आईला जायला लागले. मी हप्ता चालू ठेवून कंपनीला लेखी तक्रार केली. कंपनीने ३० दिवसांत समाधानकारक उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत. असं कर्ज देताना व्याज, शुल्क, हप्ते एका कागदावर मांडून आधी दाखवावे लागतात, आणि सुरुवातीच्या ठरावीक दिवसांत दंड न भरता कर्ज परत करून मोकळं होता येतं, असे रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. मला तो कागद कुणी दाखवला नाही. माझ्या तक्रारीतला मुख्य मुद्दा तोच आहे. आज कुणाचं कर्ज नुकतंच झालं असेल तर ॲपमध्ये ती मुदत शोधा, उद्यावर टाकू नका.

सध्या मी त्याच धुळ्याच्या ठेकेदाराकडे रोजाने जातो. एमसी-फोर क्रिंप करायला त्यानेच शिकवलं, एका दुपारी, पत्र्याच्या सावलीत बसून. वायरमनच्या परवान्यासाठी राज्याच्या लायसन्सिंग बोर्डाकडे अर्ज करायचाय. तिथे माझा आयटीआयचा कागद चालतो, ते सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र नाही.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी पडत नाही, आणि एकाच कारणाने फसलेले अनेक जण आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करू शकतात. मोबाईलच्या दुकानावरच्या त्या वर्गात जे जे बसले होते त्यांनी फीची पावती, फॉर्मची मागची बाजू, कर्जाच्या ॲपमधलं स्टेटमेंट आणि ऑफरचा मेल जपून ठेवा. पुढच्या तारखेला अर्जात आणखी नावं घालायची आहेत.