ड्रायरचं सरपण : एका पावसाळ्याचा हिशोब

गेल्या जुलैत एका रविवारी दुपारी एक गिऱ्हाईक डोळे पुसत काउंटरवर आलं आणि म्हणालं, "ताई, चुलीवरचं जेवायला आलो होतो, चुलीत बसून नाही." बिल त्यांनी पूर्ण दिलं, वर कोथिंबीरवड्यांची तारीफही केली. पण बायकोच्या पदराला आणि पोराच्या जर्किनला जो वास लागला होता, तो बघून मलाच ओशाळल्यासारखं झालं.

पानशेत रस्त्यावर आमचं छोटं हॉटेल आहे. आठ टेबलं, तीन चुली, एक चुलाणं. पाऊस लागला की अख्खं पुणं खडकवासल्याला आणि सिंहगडावर निघतं, म्हणजे आमचा धंदा जून ते सप्टेंबर. आणि नेमकं तेव्हाच सरपण ओलं. आमच्या नेहमीच्या वखारीत बाभळीच्या ओंडक्यांवर ताडपत्री असते खरी, पण ताडपत्रीखाली दमट हवा कोंडली की लाकूड वाळायच्या ऐवजी त्याला बुरशी येते. आक्का (आमच्या भाकऱ्या त्यांच्या हातच्या, गाव वेल्ह्याकडे) फुंकणी तोंडाला लावूनच उभ्या. एक भाकरी, चार फुंका. रॉकेल ओतायचं म्हटलं तर पिठल्याला वास लागतो.

तेव्हा एका केटरिंगवाल्या मावशींनी खडकवासल्याच्या अलीकडे आतल्या रस्त्याला असलेल्या एका वखारीचा नंबर दिला. तिथे लाकूड भट्टीत वाळवून विकतात. वखारीचे शेठ त्याला "ड्रायरचं लाकूड" म्हणतात. बाभूळ १६ रुपये किलो घरपोच, सुबाभूळ १४. मी फोनवरच हसले. आमची नेहमीची बाभूळ ९ रुपयांनी येत होती.

आता माझा स्वभाव सांगते. मी पंधरा वर्षं पतपेढीत कॅशियर होते. कोणी काही म्हणो, मोजल्याशिवाय माझा विश्वास बसत नाही. एक गोणी नमुना मागवला, दोन पिनांचा ओलावा मोजायचा मीटर ऑनलाइन घेतला आणि दोन्हीकडच्या बाभळीच्या बारीक कांड्या करून बरोबर १ किलो, १ किलो वजन केलं. घरच्या केकच्या ओव्हनमध्ये १०५ अंशांवर ठेवल्या. दर दोन तासांनी वजन. वजन उतरायचं थांबलं की पाणी संपलं. दीड दिवस घरभर बाभळीच्या सालीचा तुरट वास, आणि आमचे हे विचारतायत, "हे वीजबिल कुठल्या खात्यात टाकणार?"

नेहमीच्या वखारीच्या १ किलोचे उरले ६४० ग्रॅम. म्हणजे ३६० ग्रॅम पाणी मी ९ रुपयांच्या भावाने विकत घेत होते. ड्रायरवाल्याच्या किलोचे उरले ८७० ग्रॅम. मीटर मात्र त्याच लाकडाला १५ टक्के दाखवत होता, माझ्या हिशोबाने ते १३ होतं. शेठना विचारलं तर म्हणाले, "मीटर पाणी भागिले सुकं लाकूड करतो, तुम्ही पाणी भागिले एकूण वजन केलंत." १३० भागिले ८७० करून पाहिलं, बरोबर १५. वखारीतून लाकूड घेताना कोणी टक्के सांगितले, तर कशाचे टक्के ते विचारून घ्या. आणि मीटर ३० च्या वर गेला की आकडा फार मनावर घेऊ नका. तिथून पुढे "ओलं आहे" एवढंच त्याला कळतं.

मग रुपयाचा हिशोब. पूर्ण सुकं लाकूड जळून किलोला साधारण ४,५०० किलोकॅलरी देतं. किलोभर पाणी तापवून त्याची वाफ करायला सुमारे ६०० जातात. ओल्या किलोत ६४० ग्रॅम लाकडाचे २,८८०, त्यातून पाण्याचे २१६ वजा, राहिले २,६६४. ड्रायरच्या किलोत ३,८३७. आता भावाने भागा. ओलं रुपयाला २९६ किलोकॅलरी, ड्रायरचं रुपयाला २४०. कागदावर ओलंच स्वस्त! मी वही मिटली आणि शेठना "विचार करून सांगते" म्हणणार होते. हे आमच्याकडे "नाही" म्हणायची सभ्य पद्धत आहे, हे शेठनाही ठाऊक असणार.

पण आक्कांनी त्या नमुन्याच्या गोणीवर दुपारच्या भाकऱ्या टाकल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ताई, आज मी फुंकणी हातात धरलीच नाही." बाहेर जाऊन चुलीकडे पाहिलं तर जाळ पिवळाधमक, धुराची एक बारीक रेघ, आणि भाकरी तव्यावरून उतरून जाळासमोर धरली की टम्म. एरवी तिसऱ्या भाकरीला तव्याची पाठ काजळीने माखायची.

म्हणून एक आठवडा ओलं, एक आठवडा ड्रायरचं, असं तराजूवर चढवून जाळलं. गर्दी दोन्ही आठवड्यांत साधारण सारखी होती. ओली बाभूळ दिवसाला सरासरी ७० किलो लागली, ड्रायरची ३८. रुपयांत मांडा : ६३० आणि ६०८. माझ्या कागदावरच्या हिशोबाने ड्रायरचं ४८-४९ किलो लागायला हवं होतं. मधले १० किलो गेले कुठे, यावर दोन रात्री डोकं चालवलं. पाण्याच्या वाफेत ओल्या लाकडाची साडेसात टक्केच उष्णता जाते, ती मी धरली होती. जे धरलं नव्हतं ते आमच्या छपराला काळं होऊन चिकटलं होतं. ओल्या लाकडाचा जाळ थंड, त्यामुळे लाकडातून निघालेला वायू पुरता जळत नाही आणि धूर होऊन जातो. धूर म्हणजे पैसे दिलेलं, न जळलेलं लाकूड. शिवाय चूल धरेपर्यंतचा अर्धा तास रोज फुकट जात होता, तोही वाचला.

म्हणजे बचत दिवसाला २२ रुपये. एका चहा-भजीचीही नाही. पण डोळे चोळत कोणी काउंटरवर आलं नाही आणि भांडी घासणारी बाई ऑगस्टमध्ये काम सोडून गेली नाही. दरवर्षी जाते.

ऑगस्टमध्ये मी मुद्दाम वखारीवर गेले. लाकूड वाळवायला लाकूडच जाळतात, हे मला पटत नव्हतं. शेठ काही न बोलता शेडमध्ये घेऊन गेले. एका बाजूला बॉयलर. बॉयलर म्हटल्यावर मी गिरणीतलं धूड डोळ्यांसमोर आणलं होतं, पण तो निघाला मोठ्ठा बंब. आजीच्या वाड्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीतून आणलेला तांब्याचा बंब होता, त्याचीच जात : मधे आग, भोवती पाणी. फक्त इथे पाणी अंघोळीला जात नाही. ८०-८५ अंशांचं पाणी पंपाने नळीतून शेजारच्या जुन्या वीस फुटी कंटेनरमध्ये जातं, तिथे मोटारीच्या रेडिएटरसारख्या जाळीतून फिरतं, आणि मागचे पंखे त्या जाळीतून हवा मारतात. कंटेनरला आतून जाड लोकर आणि पत्रा. लाकूड लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यांत, मधून हवा खेळेल असं रचलेलं.

बाहेर पाऊस कोसळत होता, हवा चिंब. तीच हवा आत घेऊन वाळवायचं म्हणजे ओल्या टॉवेलने अंग पुसण्यासारखं नाही का? शेठ म्हणाले, "हवेत पाणी तेवढंच राहतं, तिची तहान वाढते." हिशोब खरा आहे : २६ अंशांची, ९० टक्के दमट हवा ६५ अंशांपर्यंत तापवली की तिचा दमटपणा १२-१३ टक्क्यांवर येतो. मग ती लाकडातलं पाणी ओढते, आणि भरली की वरच्या झडपेतून बाहेर. झडप फार उघडली तर उष्णता वाया, फार मिटली तर आत नुसतीच वाफारा घेतल्यासारखी हवा. ते सगळं एका मामांच्या हातात. ते झडपेवर तळहात धरून ठरवतात, डिजिटल काटा भिंतीवर असूनसुद्धा. कंटेनरच्या खालच्या कोपऱ्यातल्या नळीतून तपकिरी पाणी ठिबकत होतं, फिक्या चहाच्या रंगाचं. मी बोट लावून वास घेतला, तुरट. एरवी हेच पाणी मी किलोच्या भावाने घरी नेत होते.

एका घाण्यात ६ टनांच्या आसपास ओलं लाकूड बसतं, पाच दिवस लागतात, आणि बॉयलरमध्ये जातं पाऊण टन जळण : साली, ढलप्या, बुंध्याचे वेडेवाकडे तुकडे, शेजारच्या आरा मशीनचा कचरा. जे कोणी विकत घेणार नाही ते. एवढी उष्णता लागली की घुणकिडाही मरतो. निर्यातीच्या लाकडी खोक्यांना लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश, ३० मिनिटं असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. इथे तर दिवसच्या दिवस तापतं. आमच्या कोठीतला लाकडाचा पांढरा भुगा यंदा दिसला नाही.

माझा भाचा इंग्लंडात लीड्सला असतो. त्याला हे सांगितलं तर तो खो खो हसला. त्यांच्याकडे २०११ पासून अशा बॉयलरच्या उष्णतेच्या प्रत्येक युनिटमागे सरकार पैसे देऊ लागलं, आणि सरपण वाळवायच्या भट्ट्यांचं पेव फुटलं. उत्तर आयर्लंडात तर दिलेला दर जळणाच्या खर्चापेक्षा जास्त निघाला, वर मर्यादाच नाही. जितकं जाळाल तितकं कमवाल. लोक "कॅश फॉर ॲश" (राखेच्या बदल्यात रोकड) म्हणू लागले, आणि त्या भानगडीत जानेवारी २०१७ मध्ये तिथलं सरकार पडलं. आमचे शेठ मात्र ढलपी ढलपी मोजतात, कारण त्यांना कोणी युनिटमागे काही देत नाही. भाच्याने आणखी एक सांगितलं ते मला जास्त आवडलं : इंग्लंडमध्ये मे २०२१ पासून २ घनमीटरहून कमी सरपण विकायचं तर ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा, आणि तिकडे लाकूड किलोवर नाही, मापाने, पिंजऱ्यावर विकतात. आपल्याकडे किलोवर विकलं की पाण्याला भाव येतो. शेठना म्हटलं, पिंजऱ्यावर विका. म्हणाले, "ताई, पुण्यात वजन केल्याशिवाय कोणी कोथिंबीरही घेत नाही." कोथिंबीर आपण जुडीवर घेतो, पण मी वाद घातला नाही.

आता तक्रारी.

दुसरी खेप आली ती जाड. मांडीएवढे न फोडलेले तुकडे. वरून मीटर १४. चुलीत घातले तर दोन्ही टोकांना फेस. कुऱ्हाडीने फोडून मधे पिना खुपसल्या, ३२. वरचं कवच वाळलं, गाभा तसाच. पाच दिवसांत जाडजूड बाभळीचं पाणी बाहेर यायचं नाही, हे त्यांना माहीत असणार. घाईत पिंजरा भरला असावा. फोन केला तर शेठनी निमूटपणे माल बदलून दिला, पण छोट्या हत्तीचं जायचं-यायचं भाडं ४०० रुपये माझ्याच गळ्यात घातलं. ते मला अजून खुपतंय. तेव्हापासून टेम्पो उतरायच्या आधी एक तुकडा फोडून आतून मोजते, टेम्पोवाला चेहरा करतो.

सुबाभूळ घेऊ नका, निदान भाकरीला. ड्रायरमधून आलेली सुबाभूळ भडाभडा पेटते आणि संपते, निखारा धरत नाही. आक्का म्हणाल्या, "हे लाकूड नव्हे, कागद आहे." मटणाच्या चुलाण्याला तर मी ड्रायरच्या बाभळीतच दोन जाड, नेहमीच्या वखारीतले ओंडके घालते, नाहीतर रस्सा उतू जातो आणि तळाला लागतो.

एक चूक माझी. स्वस्त पडेल म्हणून पंधरा दिवसांचा माल एकदम घेतला आणि मोरीच्या भिंतीला लागून रचला. पंधरा दिवसांनी मीटर १९. सुकं लाकूड पावसाळी हवेतून पाणी परत ओढून घेतं, पापडासारखं. पैसे देऊन काढलेलं पाणी मी फुकट परत घेतलं. आता आठवड्याचाच माल घेते, आणि चुलीमागच्या भिंतीशी, विटांवर रचते.

बिल साध्या कागदावर मिळतं, पक्कं हवं तर आधी सांगावं लागतं. काटा खरा आहे, मी माझ्या काट्यावर तीनदा ताडून पाहिला.

उन्हाळ्यात मी त्यांच्याकडून घेणार नाही, आणि हे शेठना तोंडावर सांगितलंय. फेब्रुवारीत फोडून अंगणात उभं रचलेलं लाकूड एप्रिलअखेर माझ्या मीटरवर १७ येतं, ऊन फुकट आहे, आणि ९ चे १६ द्यायचं काही कारण नाही. त्यांनाही ते ठाऊक आहे. एप्रिल-मेमध्ये त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे पिझ्झाच्या भट्ट्यावाले. पण मृग लागला की दसऱ्यापर्यंत आमचं तिकडूनच.

यंदाची पहिली ऑर्डर जूनच्या पहिल्या आठवड्यात दिली. २५० किलो, बाभूळ, मनगटाएवढी फोडलेली, त्याहून जाड नको. फोन एक दिवस आधी करावा लागतो, आणि सोमवारी वखार बंद असते.