पीएनआर दिसला म्हणजे तिकीट निघालं असं नाही, ग्रीसच्या टूरमध्ये आमचे सहा लाख गेले

माझं कोल्हापुरात शाहूपुरीत मेडिकल आहे. हे लिहायला खूप दिवस लागले, लिहायला बसले की हात थांबायचा. पण आता लोक परत उन्हाळ्याच्या परदेश टूरची चौकशी करायला लागलेत, काल दुकानात एक काकू युरोपचं पॅम्प्लेट घेऊनच आल्या, म्हणून आज लिहितेच.

आमचे बाबा हायस्कूलला एकतीस वर्षं इतिहास शिकवत होते. ग्रीस बघायचं त्यांचं स्वप्न मी लहान असल्यापासून ऐकतीय. त्यांची एक दोनशे पानी वही आहे, तपकिरी कागदाचं कव्हर घातलेली, त्यात मॅरेथॉनची लढाई इ.स.पू. 490, सलामिसचं आरमारी युद्ध इ.स.पू. 480, पार्थेनॉनचं बांधकाम इ.स.पू. 447 ते 432, सगळं निळ्या शाईत आणि बाजूला पेन्सिलीनं 'इथं उभं राहायचं' असं लिहिलेलं. आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मी आणि नवऱ्यानं ठरवलं की 2025 च्या ऑक्टोबरमध्ये चौघांनी जायचं. ऑक्टोबर अशासाठी की जुलै-ऑगस्टमध्ये तिथं ऊन इतकं वाढतं की अथेन्सच्या टेकडीवरचं अ‍ॅक्रोपोलिस भर दुपारी बंद ठेवायची वेळ येते, आणि बाबांना तो चढ उन्हात झेपला नसता.

एजंट बाबांच्या एका माजी विद्यार्थ्याच्या ओळखीतला. राजारामपुरीत ऑफिस, एसी, भिंतीवर मोठा नकाशा. आम्ही गेलो तर आधी बाबांच्या पाया पडला, "सर, तुमच्यासारख्या माणसाला ग्रीस दाखवायचं म्हणजे माझं भाग्य" म्हणाला. आई तिथंच विरघळली. खरं सांगायचं तर मी पण.

माणशी 1,95,000, चौघांचे 7,80,000, त्यावर जीएसटी 39,000 आणि टीसीएस 40,950 अशा वेगळ्या ओळी कोटेशनमध्ये होत्या त्यामुळं मला वाटलं माणूस पक्का व्यवहारी आहे, सगळं कागदावर घेतोय. टीसीएस म्हणजे परदेश टूरच्या पैशावर एजंटनं आपल्याकडून घेऊन सरकारला भरायचा कर, तो आपल्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना आपल्याला वळता मिळतो. आता मला सांगा, जो माणूस टीसीएस घेतोय त्यानं पॅन नको का मागायला? पासपोर्टच्या झेरॉक्स घेतल्या, फोटो घेतले, पॅन चौघांपैकी एकाचाही मागितला नाही. पॅनशिवाय ते पैसे तुमच्या नावावर जमा होणार तरी कसे? हे मला तेव्हा सुचलं नाही, सप्टेंबरमध्ये आमच्या सीएनं 26एएस, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराचं पत्रक, उघडून दाखवलं तेव्हा कळलं, आमच्या कुणाच्याच नावावर एक रुपया पण नव्हता.

मे मध्ये दोन लाख भरले. मी क्रेडिट कार्ड पुढं केलं तर म्हणाला "ताई, कार्डला दोन टक्के जास्त पडतील, कशाला उगीच चार हजार घालवताय, आरटीजीएस करा." कार्डनं भरलं असतं तर बँकेकडं चार्जबॅक, म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत, मागता आला असता. चार हजार वाचवायला गेले आणि तो रस्ता मीच बंद केला.

जूनअखेर त्याचा फोन आला, फेअर वाढायला लागलंय, आज तिकीट काढलं नाही तर माणशी पंधरा हजार जास्त बसतील. आम्ही दोघं लगेच ऑफिसला गेलो. त्यानं कॉम्प्युटर आमच्याकडं फिरवला, एअरलाइनची खरी वेबसाइट, त्याची स्वतःची नव्हे, तिथं आमच्यासमोर सहा अक्षरी पीएनआर टाकला आणि आडनाव टाकलं, आणि स्क्रीनवर आम्हा चौघांची नावं, मुंबई ते अथेन्स, मध्ये आखातात विमान बदलायचं, 4 ऑक्टोबर, सगळं. मी घरी येऊन माझ्या मोबाईलवर पण चेक केलं, दिसत होतं. चार लाख पाठवले. हे पैसे मात्र फर्मच्या खात्यावर नाही, दुसऱ्याच एका नावाच्या सेव्हिंग खात्यावर, "करंट अकाउंटला ऑडिटचं काम चालू आहे" म्हणून. नवरा तेव्हा म्हणाला होता की जरा थांबूया, मीच म्हटलं नावं दिसली की आता काय राहिलं.

तर हे नीट वाचा. पीएनआर म्हणजे फक्त बुकिंगचा नंबर. एजंट पैसे न भरता सीट काही काळ होल्डवर ठेवू शकतो, त्याला पण पीएनआर मिळतो आणि तो वेबसाइटवर दिसू शकतो, मुदतीत पैसे भरले नाहीत की आपोआप रद्द. तिकीट खरंच निघालं असेल तर प्रत्येक माणसाचा वेगळा 13 आकडी ई-तिकीट नंबर असतो, पहिले तीन आकडे एअरलाइनचे. तो मागा, आणि एअरलाइनला स्वतः फोन करून विचारा, एजंटनं दिलेल्या नंबरवर नाही.

पहिली शंका खरं तर बाबांना आली. जुलैत आयटिनररी आली त्यात सहाव्या दिवशी लिहिलेलं, 'डेल्फी बेटावर मुक्काम'. बाबांनी चष्मा वर केला, परत वाचलं आणि म्हणाले, "अगं डेल्फी बेट नाही, ते पार्नासस डोंगराच्या उतारावर आहे." एजंटला विचारलं तर म्हणाला टायपिंग मिस्टेक झाली सर, डेलॉस बेट म्हणायचं होतं. बाबा दोन दिवस गप्प होते. मग वही घेऊन माझ्याकडं दुकानात आले, डेलॉसवर पर्यटकांना रात्री राहूच देत नाहीत, जवळच्या मिकोनॉस बेटावरनं बोटीनं जायचं आणि त्याच दिवशी परत फिरायचं. मी गिऱ्हाईकात होते, म्हटलं बाबा तो काय इतिहासाचा मास्तर आहे का, चुकलं असेल. ते काही बोलले नाहीत, वही पिशवीत घातली आणि गेले. पैसे जाण्यापेक्षा मला हे जास्त लागतंय.

ऑगस्टमध्ये व्हिसा. शेंगेन व्हिसाला (ग्रीससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान 15 दिवस आधी तरी करावाच लागतो. हा म्हणायचा "माझं सेटिंग आहे, तुम्हाला मुंबईला जायची पण गरज नाही, व्हिसाची गॅरंटी माझी." मागच्या 59 महिन्यांत बोटांचे ठसे दिलेले नसतील तर माणसाला स्वतः जाऊन द्यावे लागतात, आमच्यात तर कुणीच कधी शेंगेनला गेलेलं नव्हतं. आणि व्हिसा द्यायचा का नाही ते वकिलात ठरवते, एजंट कितीही मोठा असू दे, गॅरंटी शब्द काढला की उठून या तिथनं.

घरचे गौरी-गणपती गेले, दुसऱ्या दिवशी मी एअरलाइनला फोन लावला. बाई म्हणाली तिकीट कधी इश्यूच झालेलं नाही, होल्डचं बुकिंग जूनमध्येच रद्द झालंय. मग एजंटनं ज्याचं व्हाउचर दाखवलं होतं त्या सँटोरिनी बेटावरच्या हॉटेलला मेल केला, त्यांचं पण उत्तर आलं, बुकिंग झालं होतं, फ्री कॅन्सलेशनचं होतं, दुसऱ्याच दिवशी रद्द केलं. म्हणजे व्हाउचर खोटं नव्हतंच, आम्हाला दाखवलं तेवढ्यापुरतं खरं होतं. ऑफिसला गेलो तर कुलूप. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला आठ दिवस झाले, तुमच्या आधी तिघंजण येऊन गेलेत.

पोलिसांत गेलो, पहिल्यांदा म्हणाले हा व्यवहारातला वाद आहे. वकिलांनी सगळे कागद तारखेप्रमाणं लावून दिले तेव्हा अर्ज घेतला. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला पण फोन केला पण तिथं पैसे गेल्या गेल्या कळवलं तर खात्यात अडवता येतात, दोन-अडीच महिन्यांनी काय राहणार. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केलीय, ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन होते, पाच लाखांपर्यंत भरले असतील तर फी नाही, आमचे सहा म्हणून 200 रुपये लागले. दोन वर्षांच्या आत करावी लागते, त्यामुळं नातेवाइकातला आहे, ओळखीचा आहे, देईल म्हणून थांबू नका.

आमच्या कामाला आला तो कोटेशनचा कागद, दोन्ही आरटीजीएसच्या पावत्या, आणि मी ऑफिसात पीएनआरच्या स्क्रीनचा काढलेला फोटो, त्यात कोपऱ्यात तारीख-वेळ आहे. फोनवर तो जे जे बोलला त्याचा मात्र काहीच पुरावा नाही, तेव्हा बोलणं झालं की लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर "तुम्ही असं म्हणालात, बरोबर ना?" एवढं टाकून ठेवा.

त्या झेरॉक्सवाल्यानं सांगितलेल्या तिघांपैकी दोन कुटुंबं आम्हाला सापडली, एक गडहिंग्लजचं, एक इचलकरंजीचं. तिसरं अजून सापडलं नाही. राजारामपुरीत 2025 मध्ये ग्रीसच्या टूरला कुणी पैसे भरले असतील आणि अजून गप्प बसला असाल तर पावत्या घेऊन शाहूपुरीत कुठल्याही मेडिकलवाल्याला विचारा, गुरुजींच्या मुलीचं दुकान म्हटलं की दाखवतील. संध्याकाळी सात नंतर बाबा असतात तिथं, सगळ्यांचे कागद आता तेच लावतात.