सोयाबीनमागे मका किंवा कांदा घ्यायचा असेल तर: पेंडिमेथालिन की इमॅझेथापायर?

जामनेर-पाचोऱ्याकडच्या काळ्या वावरात सोयाबीन काढून लगेच रब्बी मका किंवा कांदा घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय. मागे हरभराच घेणार असाल तर यातली बरीचशी काळजी तुम्हाला नाही.

सोयाबीनमधली ही दोन्ही तणनाशकं मी वापरली आहेत. सोयीचं म्हणाल तर इमॅझेथापायर पुढे. तण दोन-चार पानांवर आलं, डोळ्यांना दिसलं, की फवारायचं. ऐन वेळी निंदणीला बाया मिळत नाहीत, तेव्हा याचं मोल कळतं. पेंडिमेथालिन पेरणीपासून ४८ तासांच्या आत, जमिनीत ओल असतानाच मारावं लागतं. पाऊस ताणला की काम अर्धवट. लव्हाळा आणि हराळी त्याला दाद देत नाहीत, आणि हात आणि फवारणी पंप पिवळे होतात ते वेगळंच.

तरीही माझा कौल ठरला तो मक्याच्या मुळांवरून.

इमॅझेथापायर मारलेल्या वावरात मका पट्ट्यापट्ट्यांनी खुजा राहिला होता. बांधाकडेला, जिथे पंप वळवताना फवारा दुहेरी पडतो, तिथे जास्त. वरून पाहिलं तर जस्ताची कमतरता वाटावी असाच पिवळा. एक झाड खुरप्यानं मातीसकट उचललं आणि बादलीत मुळं धुतली. मुख्य मुळं होती, पण बाजूच्या मुळ्या आखूड आणि दाट, बाटली धुण्याच्या ब्रशसारख्या. या औषधानं झाडाची काही अमिनो आम्लं तयार होणं थांबतं, त्यामुळे मुळांची नवी वाढ खुंटते. अशा मुळांना खत-पाणी कितीही द्या, घेणार कशानं?

त्यात आपला पाऊस. हे औषध मुख्यतः मातीतले जिवाणू मोडतात आणि त्यांना ओल लागते. सप्टेंबर कोरडा गेला की औषध तसंच पडून राहतं. पाण्यात विरघळणारं असल्यानं ते मुळांच्या थरात खालीही सरकतं.

पेंडिमेथालिनही मुळांवरच घाव घालतं, हे खरं. ते पेशींचं विभाजन थांबवतं, त्यामुळे मुळांची टोकं सुजून बोथट होतात. म्हणून सोयाबीन मोडून त्याच वावरात लगेच ज्वारी-बाजरी पेरायची वेळ आली, तर हेच अंगाशी येईल. पण ते मातीला घट्ट धरून वरच्याच थरात राहतं. सोयाबीन निघून नांगरट-वखरणी झाल्यावर पेरलेल्या माझ्या मक्याला त्याचा त्रास जाणवलेला नाही. कांद्यातही हे औषध वापरतातच, त्यामुळे तिथेही धास्ती कमी. पुढे एक कोळपणी जास्तीची लागते, ती मी धरूनच चालतो.

तुमची जमीन हलकी असेल, पाऊस चांगला झाला असेल, तर इमॅझेथापायरचा अनुभव वेगळा येऊ शकतो. आधीच फवारलं असेल तर मका पेरण्याआधी दोन कुंड्या भरा: एकीत त्या वावरातली माती, दुसरीत न फवारलेल्या जागेची. दोन्हींत मक्याचे दाणे टाका, ओल टिकवा, आणि दोन-तीन आठवड्यांनी रोपं उपटून मुळं धुऊन शेजारी शेजारी ठेवा. फवारलेल्या मातीतली मुळं आखूड दिसली, तर त्या वावरात यंदा गहू किंवा हरभरा बरा.