स्विफ्टचे लोअर आर्म बुश: तीनदा पैसे घातले तेव्हा कुठं आवाज गेला

गाडी 2009 ची स्विफ्ट डिझेल, राहायला परभणीत, गाव गंगाखेडकडं. आमच्या काळ्या मातीच्या रस्त्यांचं काय सांगायचं, उन्हाळ्यात माती भेगाळती, पावसात फुगती, वरचं डांबर लाटा मारतं आणि ऊस सुरू झाला की उरलंसुरलं ट्रॉल्या बघून घेतात. तर ब्रेकरवरून उतरलं की डावीकडून ठक्क, जोरात ब्रेक मारला की गाडी डाव्या अंगाला जायची, आणि टायर वरून चांगला दिसायला पण आतल्या कडेनं पार गुळगुळीत.

पहिला मेकॅनिक म्हणला शॉकअप गेले. मी पैसे काढायलाच निघालो होतो, नशीब दुसऱ्याला दाखवलं. त्या उस्तादनं गाडी पिटवर घेतली, लोअर आर्म (चाक गाडीच्या सांगाड्याला धरून ठेवणारा खालचा दांडा) आणि क्रॉसमेंबरच्या (सांगाड्याची आडवी पट्टी) मधे टॉमी (लोखंडी पहार) घालून नुसती हलवली तर आर्मच्या मागच्या बुशचं (सांध्यातली रबरी खोळ) रबर तोंड उघडल्यासारखं फाकलं, आत बोट जाईल एवढी चीर. शॉकअपमधून तेलाचा थेंब नव्हता, म्हणून मेकॅनिक शॉकअप गेले म्हणला की आधी टॉमी लावून दाखव म्हणा.

पहिल्यांदा घातले लोकल बुश, चार नग सातशे रुपयात. आर्म लेथवाल्याकडं नेऊन प्रेसवर (दाबून बसवायच्या मशीनवर) बसवायचे तर गडी म्हणला कशाला, आणि मोठं सॉकेट ठेवून हातोड्यानं ठोकले. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळती, तशातच बोल्ट पण फुल टाइट केले. सात महिन्यात परत ठक्क. मी दुकानदाराला मनातल्या मनात लई शिव्या घातल्या पण अर्धी चूक फिटिंगची होती हे मागून कळलं. हे रबर आतल्या बाहेरच्या लोखंडी नळीला चिकटवलेलं असतं, बुश फिरत नाही, रबरच पीळ खातं. चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळला की गाडी खाली टेकताक्षणी रबराला पीळ बसतो आणि तो चोवीस तास तसाच राहतो, मग फाटंल नाहीतर काय.

दुसऱ्यांदा डोकं फिरलं आणि ऑनलाइन पॉलियुरेथेनचा (रबरापेक्षा कडक प्लास्टिकसारखा माल) सेट मागवला, लाल रंगाचा, दिसायला एक नंबर, आयुष्यभर टिकतंय म्हणे. हायवेला स्टेअरिंग खरंच टाइट झालं, खोटं कशाला बोलू. पण गावाच्या रस्त्याला लागलो की खडी न् खडी सीटवर कळायची, बायको म्हणली बैलगाडी बरी होती. आणि हे बुश पीळ खात नाही, नळीवर फिरतं, त्यामुळं ग्रीस लागतं, ते पण सिलिकॉनचं, आणि आपल्याकडची धूळ आत गेली की चुंई चुंई सुरू. दोन महिन्यातनं एकदा खोलून ग्रीस कोण करणार? शेवटी आर्ममधले काढले, फक्त स्टॅबिलायझर बारचे (वळणावर गाडी कलू न देणारा आडवा दांडा) ठेवले, तिथं काही तक्रार नाही.

तिसऱ्यांदा नांदेडच्या एका स्पेअर पार्टच्या दुकानातून कंपनीचे दोन्ही आर्म पूर्ण घेतले, बॉल जॉइंट (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोळ्याचा सांधा) त्यालाच बसवलेला येतो. साडेतीन हजाराच्या आसपास गेले. महाग वाटलं, पण प्रेसची मजुरी वाचली, आर्म वाकायची भीती नाही, आणि एक लाख ऐंशी हजार किमी झालेल्या गाडीचा बॉल जॉइंट असाही किती दिवस चालणार होता. काउंटरवरच्या पोरानं आधी चेसिस नंबर मागितला, मॉडेल सांगून भागत नाही म्हणला, हे मला लई पटलं. होलोग्राम बघू दिला, पॅकिंगचा महिना बघू दिला (रबर नुसतं ठेवून पण कडक होतं, जुना माल गळ्यात मारतात). बिल मात्र दोनदा मागावं लागलं आणि माल परत घेणार नाही हे पैसे दिल्यावर सांगितलं, ह्याचा एक स्टार कट.

बसवताना मी तिथंच उभा. बोल्ट आधी हातानं लावले, गाडी पिटवर चाकांवर उभी केली, पुढून दोन माणसांनी दाबून हलवली आणि मग खालून फायनल टाइट. उस्ताद म्हणला, "सर तुम्ही मेकॅनिक झालात की." मग लगेच अलाइनमेंट, ते नाही केलं तर नवीन टायर पण आतून खाल्लं जाणार.

नऊ महिने झाले, मधे एक आख्खा उन्हाळा गेला, पुढून आवाज शून्य आणि ब्रेकला गाडी सरळ थांबायलीय. आता मागच्या एक्सलचे दोन बुश करकर करायलेत, पहिल्यापासूनचेच आहेत ते. त्याला एक्सल खाली घ्यावा लागतो म्हणून उस्ताद पूर्ण दिवसाची मजुरी सांगायलाय, सोयाबीनचे पैसे आले की बघू.