ओसाकात हॉटेल कुठं घ्यायचं: नाम्बा, उमेदा, तेन्नोजी की शिन-ओसाका?

मी कोबेत राहते, त्यामुळं जपान ट्रिप ठरवणारं ओळखीतलं प्रत्येक कुटुंब मला कधी ना कधी हाच मेसेज टाकतं: ओसाकात तीन-चार रात्री आहेत, सगळे नाम्बा म्हणतायत, घेऊ का? आणि सोबत चार हॉटेलांच्या लिंका. मी लिंका उघडत नाही, आधी विचारते की रोज सकाळी कुठं जाणार आहात, कारण खरं सांगायचं तर ओसाका शहरात दिवसा बघायचं तसं मोजकंच, किल्ला झाला, मत्स्यालय झालं, एखादा टॉवर झाला. ओसाका हे संध्याकाळचं शहर. लोक इथं झोपतात, खातात, शॉपिंग करतात आणि दिवसभर क्योतो, नारा, कोबे, हिमेजी, कोयासान नाहीतर युनिव्हर्सल स्टुडिओला जातात. आणि या प्रत्येक ठिकाणची गाडी वेगळ्या स्टेशनातून सुटते, बरेचदा वेगळ्या कंपनीची असते. म्हणून 'कुठला एरिया छान' हा प्रश्नच माझ्या मते चुकीचा आहे, तुमची सकाळची गाडी कुठून सुटते आणि बॅगा ओढत किती चालावं लागेल, एवढं बघा.

नकाशा सोपाय. वर उत्तरेला उमेदा, खाली दक्षिणेला नाम्बा, त्याच्याही खाली तेन्नोजी, आणि उमेदाच्याही वर नदीपलीकडं शिन-ओसाका. या चारही ठिकाणांना एकाच दोऱ्यात ओवणारी लाल रंगाची मेट्रो म्हणजे मिदोसुजी लाइन. उमेदा ते नाम्बा दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत, तिकीट २४० येन. म्हणजे एरिया चुकला म्हणून ट्रिप बुडत नाही, दोघं तरुण असाल आणि पाठीवर एकेक सॅक असेल तर कुठंही राहा, पुढचं वाचायचीही गरज नाही. पण सोबत आई-बाबा, एखादं लहान मूल आणि प्रत्येकी मोठी सूटकेस असेल तर हीच दहा मिनिटं जिने, लिफ्ट शोधणं आणि सकाळची ऑफिसची गर्दी धरून चाळीस होतात.

नाम्बापासून सुरू करू, कारण सगळ्यांना तेच हवं असतं. दोतोनबोरीचा कालवा, ग्लिकोच्या जाहिरातीतला धावणारा माणूस, खेकड्याची हलणारी पाटी, शिनसायबाशीची झाकलेली लांबच लांब शॉपिंग गल्ली, कुरोमोन मार्केट, सगळं पायी. रात्री अकराला पण रस्त्यावर जत्रा असते, पहिल्यांदा जपानला आलेल्याला जे बघायचं असतं ते हेच आणि त्यात काही चूक नाही. शिवाय कान्साई विमानतळावरून नानकाई कंपनीची गाडी थेट नाम्बाला येते, साधी एअरपोर्ट एक्सप्रेस पाऊण तास आणि ९७० येन, रापिट ही त्यांचीच जलद गाडी घेतली तर थोडे जास्त पैसे, राखीव सीट आणि चाळीस मिनिटांच्या आसपास. नाराला जायचं तर किन्तेत्सु लाइन इथूनच, ६८० येन, चाळीसेक मिनिटं, आणि किन्तेत्सुचं नारा स्टेशन हरणांच्या पार्कच्या बरंच जवळ पडतं, जेआरच्या, म्हणजे जपान रेल्वेजच्या, नारा स्टेशनवरून मात्र वीसेक मिनिटं चाल आहे.

आणि कोयासान. आपल्याकडचे लोक हे बहुतेक वगळतात आणि मला ते पटत नाही. नवव्या शतकात कुकाईंनी वसवलेलं डोंगरावरचं बौद्ध तीर्थस्थान, तिथल्या कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, २०१५ च्या सप्टेंबरात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांच्या हस्ते अनावरण झालं होतं. नानकाईच्या नाम्बा स्टेशनातून दीड तासाच्या आसपास गाडी आणि मग केबल कार. वर मठातलं जेवण पूर्ण शाकाहारी असतं, शाकाहारी माणसाला जपानमध्ये निर्धास्तपणे पोटभर जेवायला मिळणाऱ्या मोजक्या जागांपैकी ही एक. कोयासान प्लॅनमध्ये असेल तर नाम्बाच घ्या, चर्चाच नाही.

आता नाम्बाची दुसरी बाजू. एक तर 'नाम्बा' नावाची स्टेशनं बरीच आहेत: नानकाईचं नाम्बा, मेट्रोचं नाम्बा, किन्तेत्सु आणि हानशिनचं ओसाका-नाम्बा, आणि जेआर नाम्बा. जेआर नाम्बा बाकीच्यांपासून बऱ्यापैकी लांब पश्चिमेला आहे. हॉटेलवाला 'नाम्बा स्टेशनपासून ३ मिनिटं' लिहितो तेव्हा तो कुठल्या स्टेशनच्या कुठल्या एक्झिटबद्दल बोलतोय ते नकाशावर बघा, कारण तुम्ही विमानतळावरून उतरणार नानकाईला आणि हॉटेल असणार जेआरपाशी, मग जमिनीखालच्या दुकानांच्या बोगद्यातून बॅगा ढकलत निघायचं. दुसरं म्हणजे आवाज. दोतोनबोरीच्या अगदी काठावरचं हॉटेल फोटोत भारी दिसतं पण पहाटेपर्यंत खाली दारू प्यालेल्यांचा गोंगाट चालू असतो, शनिवारी तर विचारू नका. नानकाई स्टेशनच्या दक्षिणेला, दाइकोकुचोच्या बाजूला, किंवा पश्चिमेला साकुरागावाकडं घ्या, सात-आठ मिनिटं चाल वाढते पण झोप लागते, आणि साधारण स्वस्तही पडतं.

क्योतोसाठी मात्र नाम्बा गैरसोयीचं. आधी मेट्रोनं उमेदा नाहीतर योदोयाबाशी, तिथं बदला, मग क्योतो, आणि मग क्योतोच्या बसच्या रांगा. रोज क्योतो करणार असाल तर हे दमवतं.

उमेदा याच्या उलट. जेआरचं ओसाका स्टेशन इथंच. स्पेशल रॅपिड नावाची गाडी, जादा तिकीट लागत नाही, अर्ध्या तासात क्योतो, दुसऱ्या दिशेला वीस-पंचवीस मिनिटांत कोबेचं सान्नोमिया आणि तासाभरात हिमेजीचा किल्ला. हांक्यूची गाडी थोडी जास्त वेळ घेते पण क्योतोच्या कावारामाची भागात, म्हणजे गिओन या जुन्या वस्तीच्या तोंडाशी सोडते, जेआरपेक्षा स्वस्तही आहे आणि सुरुवातीचं स्टेशन असल्यानं दोन-तीन मिनिटं रांगेत थांबलात की बसायला जागा मिळते. युनिव्हर्सलला पण जेआरनंच, थेट गाडी मिळाली तर पंधरा मिनिटांच्या आत, नाहीतर निशिकुजोला बदलायचं. कोबेला जाणार असाल आणि घरात जैन मंडळी असतील तर सान्नोमियावरून चढ चढून कितानोत जैन मंदिर आहे, १९८५ पासूनचं. आसपास भारतीय जेवणही मिळतं, आमच्याकडं येणारे पाहुणे तिथं जाऊन आले की चेहरा बदलतो त्यांचा.

पण उमेदाचं स्टेशन प्रकरण म्हणजे दादर पूर्व-पश्चिम एकावर एक रचून त्याचे सहा-सात तुकडे केलेत असं समजा. जेआर ओसाका, हांक्यू, हानशिन, मेट्रोचं उमेदा, हिगाशी-उमेदा, निशी-उमेदा, किताशिन्ची, नावं वेगळी पण सगळी पायी अंतरावर आणि खाली भुयारी मॉलचं जाळं, ज्यात जपानी माणूससुद्धा हरवतो. हॉटेल एखाद्या ठरावीक एक्झिटला लागून असेल तर स्वर्ग, नसेल तर रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं भुयारात फिरायची तयारी ठेवा. भाव पण इथले चढे, मोठी चकचकीत हॉटेलं, ऑफिसं, डिपार्टमेंट स्टोअर्स. फील शहरी आहे, गल्ल्यांची मजा कमी. विमानतळासाठी हारुका एक्सप्रेस २०२३ च्या मार्चपासून ओसाका स्टेशनच्या नव्या भुयारी प्लॅटफॉर्मवर थांबते, त्यामुळं ती जुनी अडचण तरी संपली.

उमेदाचे फायदे हवेत पण भाव नकोत तर एक स्टेशन सरका. लूप लाइन म्हणजे शहराला गोल फिरणारी जेआरची लाइन, तिच्यावर एकीकडं तेन्मा, दुसरीकडं फुकुशिमा. तेन्माला तेन्जिनबाशी-सुजी म्हणून अडीच किलोमीटरहून लांब झाकलेला बाजार आहे, तिथं टुरिस्ट कमी आणि भाजी घ्यायला आलेल्या आज्या जास्त. मला स्वतःला दोतोनबोरीपेक्षा हे कितीतरी आवडतं.

तेन्नोजी. हे नाव कुणीच पाठवत नाही आणि मी बहुतेकांना हेच सुचवते. हारुका थांबते, विमानतळ साधारण पस्तीस-चाळीस मिनिटं. स्वस्तात यायचं तर जेआरची कान्साई एअरपोर्ट रॅपिड आहे, फक्त परत जाताना लक्ष ठेवा, ही गाडी वाटेत हिनेनोला दोन भागांत तुटते, पुढचे चार डबे विमानतळाला आणि मागचे वाकायामाला, तेव्हा एक ते चार नंबरच्या डब्यातच बसा. नाराला यामातोजी रॅपिडनं अर्ध्या तासाच्या थोडं वर, वाटेतच होर्यूजी लागतं, जगातल्या सगळ्यात जुन्या टिकलेल्या लाकडी इमारतींपैकी काही तिथं आहेत. साकुराच्या, म्हणजे चेरी फुलण्याच्या, दिवसात योशिनोचा डोंगर बघायचा असेल तर किन्तेत्सुची थेट गाडी समोरच्या ओसाका-अबेनोबाशीवरून. मिदोसुजी लाइन आहेच, नाम्बा तीन स्टेशनांवर.

आणि मुख्य म्हणजे चालायला सोपं. फुटपाथ रुंद, पार्कमध्ये हिरवळ, पोरं मोकळी सोडता येतात, मोठा मॉल, सुपरमार्केट. अबेनो हारुकास हा ३०० मीटरचा टॉवर स्टेशनच्या डोक्यावर उभा आहे, अगदी वर जायला तिकीट लागतं पण सोळाव्या मजल्यावरची बाग फुकट, संध्याकाळी आई-बाबांना तिथं बसवा आणि तुम्ही खाली खरेदी करा. शितेन्नोजी हे ५९३ साली स्थापन झाल्याचं मानलं जाणारं मंदिर पायी अंतरावर, इमारती मात्र युद्धानंतर पुन्हा बांधलेल्या. कमी काय? रात्रीची रोषणाई आणि गर्दी खोलीच्या खिडकीतून दिसणार नाही, त्यासाठी मेट्रोनं जायचं आणि शेवटची गाडी बारा-सव्वाबाराच्या आसपास सुटते हे लक्षात ठेवायचं. क्योतोला मात्र इथून नाम्बापेक्षाही लांब, त्यामुळं दोन दिवस क्योतो असेल तर तेन्नोजी नको, सरळ उमेदा, किंवा खरं तर दोन रात्री क्योतोलाच राहा.

तेन्नोजीच्या जवळच शिन-इमामिया स्टेशन लागतं आणि बुकिंग साइटवर सगळ्यात स्वस्त खोल्या तिथं दिसतात. हा निशिनारीचा भाग, पूर्वापार रोजंदारी मजुरांची वस्ती, त्यांच्या लॉज होत्या त्यांचीच बरीच बजेट हॉटेलं झालीयत. इंटरनेटवर 'डेंजरस एरिया' म्हणून रंगवतात, आपल्या हिशोबानं तसं काही नाही, रस्त्यावर झोपलेली म्हातारी माणसं दिसतील, कुणी तुमच्या वाटेला जात नाही. पण खोली तीन ताटामीची (ताटामी म्हणजे जमिनीवरची जपानी चटई, खोली तिच्यावर मोजतात), म्हणजे गादी टाकली की संपली, बाथरूम कॉमन, कधी सिगरेटचा वास मुरलेला. एकटा पोरगा असेल तर बिनधास्त, फॅमिलीला मी सांगणार नाही. बाजूचं शिनसेकाई, त्सुतेनकाकु टॉवरवालं, फिरायला झकास आहे.

शिन-ओसाकाचं दोन ओळीत आटोपते. शिनकानसेन म्हणजे बुलेट ट्रेन इथं थांबते, ओसाका स्टेशनला नाही, हे पुष्कळांना माहीतच नसतं. तोक्योहून रात्री उशिरा पोचताय किंवा पहाटेची हिरोशिमाची गाडी आहे तर एक रात्र घ्या. त्यापेक्षा जास्त नको, संध्याकाळी सातनंतर तिथं करायला काही नाही.

योदोयाबाशी आणि होन्माची हा उमेदा-नाम्बाच्या मधला ऑफिसांचा पट्टा, तिथली बिझनेस हॉटेलं शनिवार-रविवारी कधीकधी नाम्बाच्या मानानं बरीच स्वस्त सापडतात. योदोयाबाशीवरून केइहानची गाडी सुटते, क्योतोतलं फुशिमी इनारी देवस्थान आणि गिओन दोन्ही त्याच लाइनवर, बसायला जागा, जास्त वेळ गेला तरी चालेल अशा ज्येष्ठांसाठी क्योतोचा हा सगळ्यात आरामाचा रस्ता आहे. फक्त रविवारी आजूबाजूच्या बऱ्याच खानावळी बंद, कोनबिनीवर, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या स्टोअरवर, भागवा. युनिव्हर्सलच्या दारातली हॉटेलं पोरांसोबत पार्कचे सलग दोन दिवस असतील तरच.

मग ठरवायचं कसं? पहिली ट्रिप, दोघंच, रात्री उनाडायचंय: नाम्बा, दक्षिणेकडची बाजू. क्योतो, हिमेजी, युनिव्हर्सल मुख्य: उमेदा किंवा तेन्मा. आई-बाबा, मुलं, नारा आणि विमानतळ: तेन्नोजी. पाच रात्री असतील तर ओसाकातच दोन ठिकाणी तोडणं मला फारसं पटत नाही, चेक-इन दुपारी तीनला आणि चेक-आऊट दहा-अकराला, मधला वेळ बॅगांचा पहारा करण्यात जातो.

बुक करताना खोलीचा आकार चौरस मीटरमध्ये वाचा, बारा-तेरा म्हणजे दोन मोठ्या सूटकेस एकावेळी उघडता येणार नाहीत. 'सेमी-डबल' हा पलंग बरेचदा १२० सेंटीमीटर रुंद असतो, दोघांना विकतात खरं पण दोन रात्रींनंतर तुम्ही भांडणार. किती माणसं हे खरं खरं भरा, इथं भाव खोलीपेक्षा माणसांवर ठरतो आणि जादा माणूस काउंटरवर चालवून घेत नाहीत. 'नॉन-स्मोकिंग' टिक केलंय ना बघा. आणि तोक्योहून शिनकानसेननं येणार असाल, बॅगेची लांबी-रुंदी-उंची मिळून १६० सेंटीमीटरच्या वर जात असेल, तर मोठ्या सामानाची जागा असलेली सीट आधी राखून ठेवावी लागते, नाहीतर सरळ तोक्योच्या हॉटेल काउंटरवरून ताक्क्युबिन म्हणजे कुरिअर करा, साधारण दुसऱ्या दिवशी ओसाकाच्या हॉटेलात बॅग पोचलेली असते, मधल्या रात्रीचे कपडे तेवढे वेगळ्या पिशवीत ठेवा.