डाउनविंडचा तीन दिवसांचा वर्ग : काइट उत्तम शिकवली, किनारा शिकवायचा राहिला

काइटसर्फिंग, म्हणजे काइटच्या (मोठ्या पतंगाच्या) ओढीवर बोर्डवर उभे राहून पाण्यावरून सरकणे, शिकताना सुरुवातीचे काही महिने वारा नेईल तिकडे आपण जातो आणि सगळी धडपड वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला चढण्यासाठी चाललेली असते. त्यामुळे डाउनविंड, म्हणजे वाऱ्याच्या दिशेने जाणे, ही मुद्दाम शिकण्याची गोष्ट आहे असे मला कधी वाटले नव्हते. निघालो त्या जागेच्या बरेच खाली बाहेर पडायचे आणि बोर्ड काखेत मारून वाळूतून चालत परत यायचे, यात कसले आले कौशल्य? पण एकदा लाटेच्या उतारावरून बोर्ड सरळ वाऱ्याच्या दिशेने सोडला, दोऱ्या एकाएकी सैल पडल्या आणि काइट गोते खात समोरच्या पाण्यात उतरली. वाहून जाणे आणि जाणे यांतला फरक तेव्हा कळला, आणि केवळ याच विषयाला वाहिलेल्या वर्गात मी नाव घातले. त्या संस्थेचे नाव येथे देत नाही. पुढे सांगितलेल्या गुणदोषांवरून असा कोणताही वर्ग पारखता येईल.

पहिला तास फळ्यावर गेला आणि तो वाया गेला नाही. वारा 18 नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) असेल आणि आपण त्याच दिशेने 10 नॉटने निघालो, तर काइटला प्रत्यक्षात 8 नॉटचाच वारा लागतो. काइटची ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे ती निम्म्यावर नव्हे, जवळजवळ पाचव्या हिश्श्यावर येते. आपण काइटच्या दिशेने सरकत असतो, म्हणून दोऱ्यांना ढील मिळते. ढील पडली की बार, म्हणजे दोऱ्या जोडलेला हातातला दांडा, कितीही फिरवला तरी काइटपर्यंत काही पोहोचत नाही. अशा वेळी घाबरून बार अंगाशी ओढण्याची सवय जवळपास प्रत्येकाला असते आणि नेमकी तीच काइटला आणखी गुदमरवते. बार थोडा सोडून बोर्डची कड पाण्यात रोवायची आणि स्वतःचा वेग कमी करून दोऱ्या ताणून घ्यायच्या, हा उपाय मला याआधी कोणी इतक्या स्पष्टपणे सांगितला नव्हता.

खरा उपाय मात्र ढील पडण्याच्या आधीचा आहे. काइट स्थिर ठेवायची नाही. ती फिरत राहिली तर स्वतःच्या गतीने स्वतःपुरता वारा निर्माण करते. यासाठी डाउनलूप शिकवला आणि या वर्गाचे निम्मे मोल त्यातच आहे. समोरचे आकाश घड्याळाची तबकडी मानले, तर डावीकडे जात असताना काइट दहावर असते. उजवीकडे वळायचे म्हटले की उजवा हात आपोआप ओढला जातो, काइट डोक्यावरून बारावर चढते, पुढची ओढ संपते आणि आपण बुडू लागतो. डाउनलूपमध्ये त्याच क्षणी डावा हात ओढायचा असतो, म्हणजे काइट खालून, पाण्याच्या बाजूने वळते आणि वळणभर ओढ कायम राहते. सांगायला सोपे आहे, पण हात ऐकत नाहीत. प्रशिक्षकांनी पहिल्या दिवशी बोर्ड दिलाच नाही. पाण्यात नुसते ओढले जात दोन्ही बाजूंचे लूप इतक्या वेळा करवून घेतले, की दुसऱ्या दिवशी बोर्डवर उभे राहिल्यावर हातांचा विचार करावा लागला नाही. एका बाजूला डाउनलूप आणि परतताना डोक्यावरून वळण असे मिसळत गेले, तर दोऱ्यांना पीळ पडत जातो, ही बारीक गोष्टही त्यांनी न विसरता सांगितली.

पायांकडे तुलनेने कमी लक्ष दिले गेले. बोर्ड सपाट ठेवा, गुडघे वाकवा, वजन मागच्या पायावर घ्या, एवढ्या सूचना मिळाल्या. नाकासमोर वाऱ्याच्या दिशेने जाण्याऐवजी तिरप्या, रुंद नागमोडी वाटेने गेल्यास दोऱ्या ताणलेल्या राहतात, हे मला तिसऱ्या दिवशी सोबतच्या एका विद्यार्थिनीकडे पाहून उमगले. ते फळ्यावरच यायला हवे होते.

साहित्य चांगले होते. मला आधी 12 चौरस मीटरची काइट मिळाली. तिचा लूप संथ आणि ऐसपैस असल्यामुळे ओढ लांबत जाते आणि नवख्याला ती झेपत नाही. वारा वाढल्यावर 9 ची दिली, तेव्हा वळणे आटोपशीर झाली. हवा भरलेल्या तीनच आडव्या नळ्यांची ती हलकी काइट दोऱ्या जराशा सैलावल्या तरी पडण्याऐवजी मागे तरंगत राहत असे. दिलेला ट्विनटिप (दोन्ही टोके सारखी असलेला) बोर्ड मात्र फार मोठा होता. वारा पडल्यावर तो तारून नेतो, पण टाचेवरून बोटांच्या कडेवर येताना लोढण्यासारखा वाटतो.

माझी मुख्य तक्रार शेवटच्या दिवसाच्या लांब फेरीबद्दल आहे. वारा किनाऱ्याकडे तिरपा होता, ही निवड योग्यच होती. किनाऱ्यापासून दूर नेणाऱ्या वाऱ्यात अशी फेरी काढूच नये. पण पाच विद्यार्थ्यांमागे एकच प्रशिक्षक होता आणि हेल्मेटमधल्या रेडिओवर त्यांचे बोलणे आम्हाला ऐकू येई, आमचे त्यांना नाही. मधल्या वाटेत कुठे बाहेर पडता येईल, कुठे खडक आहेत, कोणी मागे राहिला तर कोणी थांबायचे, हे निघण्यापूर्वी नकाशावर दाखवले नाही. जवळून जाताना वाऱ्याच्या वरच्या, म्हणजे वारा येतो त्या, बाजूच्याने काइट उंच आणि खालच्या बाजूच्याने ती खाली धरायची, हा नियमही सर्वांना माहीत असेल असे गृहीत धरले गेले. एकाची काइट पाण्यात पडल्यावर बाकीचे पुढे निघून गेले आणि तो एकटाच पोहत किनाऱ्याला लागला. आम्हाला परत आणणारी गाडी त्याला घ्यायला गेली, पण आम्ही सगळे मोजून घेतल्यावर, म्हणजे बऱ्याच उशिराने.

वर्गाच्या जाहिरातीत 'सर्व पातळ्यांसाठी' असे म्हटले आहे, ते मला पटत नाही. ज्याला वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने आपल्या जागी परत येता येत नाही, त्याची उतरायची जागा एकदा चुकली की मागे वळण्याचा मार्गच उरत नाही. विरुद्ध दिशेने चढता येते, पण लाटेवर वळताना काइट पडते, अशांनी हा वर्ग जरूर करावा. पहिले दोन दिवस त्यांच्यासाठी फार मोलाचे आहेत. तिसऱ्या दिवसासाठी मात्र नोंदणी करतानाच सोबत किती प्रशिक्षक असतील आणि गाडी किनाऱ्याने बरोबरीने येणार की शेवटच्या ठिकाणी थांबणार, हे विचारून घ्यावे.